हितंच हाय

पोलीस खात्याचा पाया हजेरी आहे. कायदा, गणवेश, काठी हे सगळे नंतर येते. आधी सकाळी रांगेत उभे राहून नाव पुकारल्यावर 'हजर' म्हणणे येते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ज्या वरिष्ठांनी हे मला गंभीर चेहऱ्याने सांगितले, ते पुढचे तीन आठवडे ठाण्यात दिसले नाहीत. हजेरीपटावर मात्र रोज होते. तरीही ते वाक्य मी पुढे तीस-पस्तीस वर्षे जपले. निवृत्तीला काही महिने उरले असताना, इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी असताना, एप्रिलमधल्या एका रविवारी त्याचे काय झाले, ते सांगतो. तो रविवार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. नावे देत नाही. बहुतेक मंडळी जवळपासच राहतात, आणि त्यातल्या एकाकडून मी अजून ट्रॅक्टरचे सुटे भाग घेतो.

दुपारी एकच्या सुमारास ठाण्यात फोन आला. बोलणारा कळस गावच्या बाजूचा शेतकरी होता.

"सायेब, माळावर जीपगाड्या आल्यात. ह्ये मोठ्ठाल्या टायरांच्या. हरणांच्या मागं हायत."

"हरणं मारताना पाहिलंत?"

"मारताना न्हाय. पर वायरलेसवर बोलत्यात. गुपित बोली हाय. बाई पुकारती आन गडी तिला जबाब देत्यात."

"काय बोलतात?"

"ते कळलं असतं तर गुपित कसलं, सायेब?"

त्या माळावर चिंकारा हरणे आहेत, आणि शिकारीच्या तक्रारी अधूनमधून येतच. मोठ्या टायरांच्या गाड्या, वायरलेस आणि सांकेतिक भाषा एवढे एकत्र आले की माझ्या जागी कोणीही उठला असता. मी उठलो. बरोबर दोन शिपाई आणि आमचे हवालदार. हवालदारांची ओळख करून द्यायला हवी. कागद पुरा झाला की गुन्हा उघड झाला, असे मानणारा तो माणूस होता, आणि त्यांचा कागद कधीच अपुरा नसे.

माळ ठाण्यापासून दहा मिनिटांवर. तिथे एका बाभळीखाली पाच जीपा उभ्या होत्या. प्रत्येकीला उसाएवढी उंच, वाऱ्याने डोलणारी एरियल. मधे घडीचे टेबल, त्यावर वायरलेस सेट, आणि सेटसमोर पंचावन्न-साठीच्या एक बाई, चष्मा कपाळावर सरकवून वहीत काही लिहीत बसलेल्या. त्या बारामतीच्या एका तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. बाकीचे चौघे म्हणजे एक दातांचा डॉक्टर, एक द्राक्षबागायतदार, एक सिव्हिल इंजिनिअर आणि ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचा दुकानदार. सहा जणांचा हा गट महिन्यातून एका रविवारी वाट नसलेल्या ठिकाणी गाड्या घालायचा आणि त्याला छंद म्हणायचा. सहाही जणांनी परीक्षा देऊन हॅम रेडिओचे, म्हणजे हौशी वायरलेसचे सरकारी परवाने घेतले होते. परवान्यांच्या प्रती त्यांनी लगेच पुढे केल्या. खऱ्या की खोट्या, हे ज्या कार्यालयातून कळले असते ते रविवारी बंद होते.

"ही सांकेतिक भाषा कसली?" मी विचारले.

"अल्फा, ब्राव्हो, चार्ली. अक्षरं नीट ऐकू जावीत म्हणून," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या वायरलेसवर असंच बोलतात ना, साहेब?"

तसेच बोलतात. पण ते त्यांच्या तोंडून ऐकणे मला आवडले नाही.

"किती गाड्या आहेत तुमच्या?"

"सहा. आबा मागे राहिलेत, त्यांची यायचीय अजून. एक वाजता हजर होते. येतीलच."

मी हवालदारांकडे पाहिले. त्यांनी आधीच 'एक इसम वाहनासह फरार' असे लिहायला घेतले होते.

पंचनामा झाला. हल्ली जप्ती करताना मोबाइलवर चित्रण करावे लागते, तेही एका शिपायाने केले. सेट बंद करून कापडात बांधले, लाखेची सीले लावली. मोबाइल घेतले. मॅडमची वही घेतली. त्यांच्या गाडीत सापडलेला स्टीलचा डबासुद्धा हवालदारांनी सोडला नाही. 'तीन भाकरी, वांग्याची भाजी, दही' अशी त्यांनी नोंद केली. दही आंबट आहे की गोड, एवढेच लिहायचे राहिले.

ठाण्यात आणल्यावर चौकशी सुरू झाली. पाच जणांना वेगवेगळे बसवून एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तरे जुळवायची, ही आमची जुनी रीत. उत्तरे जुळत होती, आणि त्यामुळे माझा संशय वाढत होता. खरे बोलणाऱ्यांची उत्तरे सहसा इतकी जुळत नाहीत. हे पाच जण मात्र दर तासाला एकमेकांना आपला ठावठिकाणा सांगणारे होते, त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याचे सगळे पाठ होते.

त्यांची पद्धत मॅडमनी समजावली. तिला ते चेक-इन म्हणतात. दर तासाच्या ठोक्याला मॅडम एकेकाला पुकारणार, त्याने हजेरी द्यायची आणि कुठे आहे ते सांगायचे, मॅडमनी वहीत बरोबरची खूण करायची. कोणाचा आवाज मॅडमपर्यंत पोचला नाही, तर वाटेतल्या ज्याला तो ऐकू आला असेल त्याने पुढे कळवायचे. त्याला रिले म्हणतात. अशा खुणेशेजारी मॅडम एक टिंब देत. वही इतकी नीटनेटकी होती की तिच्याकडे पाहून मला आमच्या स्टेशन डायरीची लाज वाटली.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले तशा मॅडम बोलता बोलता थांबल्या.

"दोनचं चेक-इन घ्यायचं होतं, साहेब."

"सगळे इथंच आहेत की."

"सगळे नाहीत," त्या म्हणाल्या.

शेजारच्या खोलीत आमच्या कंट्रोलने त्याच वेळी सर्व ठाण्यांची खबर घ्यायला सुरुवात केली होती. आमच्या वायरलेसवरच्या शिपायाने वर्तमानपत्रातून डोके न काढता सांगितले, "हद्दीत शांतता आहे." हे वाक्य तो दिवसात अनेकदा म्हणे. त्यासाठी त्याने खिडकीबाहेर पाहिल्याचे मी कधी पाहिले नाही.

अडीच वाजेपर्यंत मॅडमनी तीनदा विचारले. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज शिक्षकाचा राहिला नव्हता. "साहेब, आमच्यावर काय तो गुन्हा नोंदवा. पण आबांना शोधा." मी त्यांना पाणी द्यायला सांगितले. चौकशीत माणूस घाबरला की खरे बाहेर येते, असे आम्हाला शिकवलेले असते. खरे बाहेर आलेले होते, फक्त मला ते ओळखता आले नाही.

सव्वातीनला टेबलावरच्या जप्त वस्तूंतून एक मोबाइल वाजला. पडद्यावर 'घर' अशी अक्षरे होती.

"हा आबांचाच," स्पेअर पार्टवाले म्हणाले. "फोन चार्जिंगला लावतो म्हणून सकाळी मॅडमच्या गाडीत ठेवला होता. डबा पण त्यांचाच."

मी फोन उचलला. लोणी भापकरहून आबांची पत्नी बोलत होती.

"जेवलात का? आन फोन का उचलंना?"

"मी पोलीस ठाण्यातून बोलतोय."

 पलीकडे मागे कुठेतरी बोअरची मोटर चालू होती, ती कुणीतरी बंद केली.

"कुठं हायत ते?"

"ते यांच्याबरोबर नाहीत. आम्ही बघतोय."

"सायेब, त्यांनी सकाळी सुई टोचून घेतलीया. साखरंची. एकच्या आत पोटात भाकर पडायला पायजे, न्हायतर घाम फुटतो, बोलणं बरळत्यात. मागल्या साली बांधावर पडलं हुतं. डबा दिलाय मी. डबा कुठं हाय?"

डबा माझ्यासमोर होता. त्याच्या कड्यांवर लाखेचे सील होते.

"बघतोय आम्ही," मी पुन्हा म्हणालो. नोकरीत हे वाक्य मी हजारदा म्हटले असेन, पण त्या दिवशी ते म्हणताना मी डबा स्वतःकडे ओढून घेतला.

फरार इसम एका मिनिटात बेपत्ता इसम झाला. मी गाडी काढायला सांगितली आणि मॅडमची वही उघडली. अकराला आबांपुढे खूण होती. बाराला खूण आणि टिंब. एकलाही खूण आणि टिंब. बारापर्यंत गट भिगवणकडचा उजनी धरणाचा काठ सोडून कालव्याच्या रस्त्याला लागला होता, आणि एक वाजता माळाच्या तोंडाशी होता. एक वाजता हजर असलेला माणूस माळाच्या आसपासच असणार. वनरक्षकाला कळवले, त्याने चार माणसे घेतली, आमची गाडी आणि डॉक्टरची व इंजिनिअरची जीप माळाकडे गेली. अर्ध्या तासाने निरोप आला की हरणे आहेत, आबा नाहीत. बाहेर ऊन असे होते की ठाण्याच्या पायरीवरचे कुत्रे सावलीतसुद्धा धापा टाकत होते.

"आमचा सेट द्या," मॅडम म्हणाल्या. "ते हाका मारत असतील."

मी हवालदारांना सील तोडायला सांगितले. त्यांचा चेहरा पडला.

"साहेब, सील तोडायचं तर पुन्हा पंच लागतील. वेगळा पंचनामा होईल."

"पंच कुठे आहेत?"

"एक जण लग्नाला गेला. दुसरा झोपलाय."

लाखेचे सील मी स्वतः टेबलाच्या कडेवर आपटून फोडले. हवालदारांनी मान फिरवली. आपण हे पाहिले नाही, असे पुढे त्यांना प्रामाणिकपणे सांगता यावे म्हणून.

डब्याचे सीलही मी फोडले. का, ते मला सांगता येणार नाही.

सेट ठाण्याच्या गच्चीवर नेला, मॅडमच्या गाडीची एरियल काढून टाकीच्या पाइपला बांधली. मॅडम पुकारू लागल्या. आबांच्या परवान्याची अक्षरे, म्हणजे वायरलेसवरचे त्यांचे नाव, मग थांबणे, मग पुन्हा तीच अक्षरे. दहा मिनिटे नुसती खरखर. द्राक्षबागायतदार गच्चीच्या कठड्याला धरून उभा होता, त्याने हळूच देवाचे नाव घेतले. स्पेअर पार्टवाल्यांनी त्याला गप्प केले, देवामुळे ऐकू येत नसल्यासारखे.

मग खरखरीत काहीतरी हलले. तुटक, लांबून, पण माणसाचाच आवाज.

"...हितंच हाय..."

"आबा!" तिघेही एकदम ओरडले. स्पेअर पार्टवाल्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या पाठीवर सहसा कुणी थाप मारत नाही. "मिळाले, साहेब! आबाच! हजर आहेत!" मॅडमनी डोळे पुसले आणि सवयीने वही पुढे ओढून खूण केली. शेजारी टिंब दिले नाही. या वेळी त्यांनी स्वतः ऐकले होते.

"काय म्हणाले ते?" मी विचारले.

"हितंच हाय. आबांची हजेरी आहे ती," बागायतदार हसत म्हणाला. "आम्ही 'हजर' म्हणतो. आबा म्हणतात, शाळेत असल्यागत हजर काय म्हणायचं, आपण 'आबा हितंच हाय' म्हणणार. कायम तसंच. आम्ही चिडवतो त्यांना."

"हितंच म्हणजे कुठं?"

स्पेअर पार्टवाल्यांनी बागायतदाराकडे पाहिले. मॅडमच्या हातातले पेन वहीवरच राहिले.

मी गटातला नव्हतो, हा माझा एकमेव फायदा होता. त्यांना तो शब्द इतका ओळखीचा झाला होता की त्यात अर्थ आहे हे ते विसरले होते. मी स्पेअर पार्टवाल्यांना समोर बसवले. त्या दिवशीची खरी चौकशी तिथे सुरू झाली, आणि तिला पाच मिनिटे लागली.

"बाराचा रिले कुणी दिला?"

"मीच."

"एकचा?"

"तोही मीच. माझी गाडी सगळ्यात मागं होती."

"बाराला आबा काय म्हणाले? शब्द सांगा."

"हजर, सर्व ठीक."

"हे तुम्ही मॅडमना सांगितलं. ते काय म्हणाले?"

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "खरखर होती साहेब. बरंच काही बोलत होते. मला 'हितंच हाय' एवढंच कळलं. म्हटलं, आबाच. झाली हजेरी."

"आणि एकला?"

"तेच," ते म्हणाले, आणि वहीतल्या टिंबावर बोट ठेवले.

"अकराला?" मी मॅडमकडे वळलो. "अकराला टिंब नाही."

"अकराला मी स्वतः ऐकलं," मॅडम म्हणाल्या.  "जुन्या गावठाणापाशी उतरतोय, तुमी व्हा म्होरं, मी मागनं येतो, असं म्हणाले."

उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की धरणात गेलेल्या गावांची जोती उघडी पडतात. आबांचे आजोळ तिथलेच. दरवर्षी ते एकदा जाऊन मामाच्या घराची चौकट कुठे होती ते पाहून यायचे. पाणी मागे सरकलेल्या जागी वरून कडक पापुद्रा आणि खाली गाळ असतो. जीप त्याच्यावर उभी राहते, आणि थोड्या वेळाने उभी राहत नाही.

सव्वाअकरापासून आबा 'हितंच' होते. आम्ही त्यांना अर्ध्या तासाच्या अंतरावर हरणांत शोधत होतो.

भिगवणच्या बाजूने काठावर पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. जीप लांबून दिसली, चाके नव्हतीच, नुसती टपरी जमिनीवर ठेवल्यासारखी. आमचा एक शिपाई पळत सुटला आणि दहाव्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेला. काठावर जाळी सुकवत बसलेला म्हातारा मासेमार ओरडला.

"आरं, गाळावर चालत्यात व्हय? लोळायचं आस्तंय!"

"काय?"

"सायेब, तुमचं वजन हितंच ऱ्हाऊ द्या. आमी जातो."

त्याने आपल्या होडीतल्या दोन फळ्या काढल्या, पोटावर पडला, एक फळी पुढे सरकवायची, तिच्यावर सरकायचे, मागची ओढून घ्यायची, असा तो निघाला. त्याचा भाऊ दोर घेऊन मागे. मी काठावर डबा हातात धरून उभा होतो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्याहून निरुपयोगी मी कधी दिसलो नसेन. पोचायला त्यांना वीसेक मिनिटे लागली. पोचल्यावर म्हाताऱ्याने वळून हात वर केला नाही. तो जीपच्या पलीकडे वाकला आणि बराच वेळ दिसलाच नाही. मॅडम माझ्या शेजारी उभ्या राहून पुटपुटत होत्या. मला वाटले प्रार्थना असेल. त्या आबांची परवान्याची अक्षरे म्हणत होत्या.

मग म्हाताऱ्याचा आवाज आला. "हाय! डोळं उघडत्यात!"

ग्लुकोजची पुडी डॉक्टरने सकाळपासून खिशात ठेवली होती. तीही जप्त झाली होती, निघताना मी तेवढी आठवणीने घेतली आणि काठावर म्हाताऱ्याबरोबर दिली होती. तोंडाने घेण्याइतकी शुद्ध आबांना होती. फळ्यांवरून ओढत आणले तेव्हा ते चिखलाने इतके माखले होते की स्पेअर पार्टवाल्यांना ओळखायला वेळ लागला, पण आबांनी त्यांना लगेच ओळखले. हातातला छोटा सेट तेवढा त्यांनी चिखलापासून वर धरला होता.

"तीन डाव सांगितलं," ते म्हणाले. आवाज जेमतेम होता, पण राग पुरेसा होता. "गाळात रुतलोय, हितंच हाय. तीन डाव! आन तू म्होरं काय सांगतुयास? ऐकत हुतो म्या. सर्व ठीक!"

स्पेअर पार्टवाले रडायला लागले. आबा म्हणाले, "रडू नगं. आधी डबा दे." अँब्युलन्सची वाट बघत त्यांनी तो उघडला, आणि वरचे तुटलेले सील बघून माझ्याकडे पाहिले. "ह्यो कुणी बंद केला हुता?"

मी त्यांच्या घरचा नंबर काढला. फोन लावून दिला. पलीकडून पहिलेच वाक्य आले, "जेवलात का?"

आबा वाचले. दोन दिवस बारामतीला दवाखान्यात होते. जीप आठवड्याने निघाली. शिकारीचा काही पुरावा नव्हता, परवाने खरे निघाले, प्रकरण बंद झाले.

बंद करण्यापूर्वी मी जप्तीचे चित्रण एकदा पाहिले. टेबलावरचा सेट चालू आहे, हवालदार त्याच्याकडे हात नेतात, आणि बटण फिरवण्याच्या आधी सेटमधून एक तुटका शब्द येतो. "हितं..." मग बटणाचा टक आवाज. मी शेजारीच उभा आहे. माझे तोंड सेटकडे आहे. मला ते ऐकू आल्याचे माझ्या चेहऱ्यावर कुठेही दिसत नाही. ते चित्रण मी तीनदा पाहिले.

पुढे लोकांनी मला विचारले की चूक कोणाची. स्पेअर पार्टवाल्यांनी खरखरीचा अर्थ 'सर्व ठीक' लावला, कारण आबा कायम ठीक असत. त्या दिवशी हद्दीतल्या शांततेची खबर आमचा शिपाई देतच होता, आणि गटाचे सेट बंद करण्याचा हुकूम माझा होता. माणूस अडचणीत असतो तेव्हा नवीन शब्द शोधत नाही, रोजचेच बोलतो, आणि ऐकणारा रोजच्यासारखेच ऐकतो. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत कुणी 'हजर' म्हटले की मी 'कुठे?' असे विचारत असे. ठाण्यात त्यामुळे मी फारसा आवडता राहिलो नाही. त्या गटाने आपला नियम बदलला. रिले देणाऱ्याने आता ऐकलेले शब्दच सांगायचे, नाही कळले तर 'नाही कळले' म्हणायचे. आबांना मात्र 'हजर' म्हणायला लावणे अजून कुणाला जमलेले नाही.

महिन्याभराने गावात एका मंडळाने जीव वाचवल्याबद्दल आमच्या ठाण्याचा जाहीर सत्कार केला. मासेमाराला बोलवायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली, तीत व्यासपीठावरच्या उपस्थितांत माझे नाव पहिले होते आणि माझे मार्गदर्शनपर भाषण झाल्याचेही होते. सत्काराच्या त्या दिवशी मी सबंध दिवस बारामतीच्या न्यायालयात साक्षीसाठी बसून होतो.